पुठ्ठ्याचे पासपोर्ट

चहा येऊ द्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगवत नाही. आणि तुम्ही हसणार, तेही मला ठाऊक आहे. हसा! मंत्र्यांना भर सभेत अडवणारा मी, कलेक्टरच्या केबिनमध्ये न विचारता शिरणारा मी, आणि आपटलो कुठे? लातुरातल्या एका जिन्यात!

भूकंपानंतरची ती वर्षं. एकीकडे किल्लारीच्या बाजूला नवी गावं उभी राहत होती, दुसरीकडे लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडत होते. पत्र्याचं शेड दिसलं की विचारावं लागायचं, हे भूकंपग्रस्तांचं की फिजिक्सचं? पोरगं डॉक्टर व्हायला हवं म्हणून आख्खं घर उचलून लोक लातूरला यायचे.

आणि याच गर्दीत उगवले एजंट. मस्कतला पाठवतो, दुबईला पाठवतो, दोहाला पाठवतो! औशाची, जळकोटची माणसं आपला पासपोर्ट यांच्या हातात द्यायची आणि मुंबईच्या लॉजवर विमानाची वाट बघत बसायची. विमान जायचं. एजंटही जायचा. माणूस तेवढा परत यायचा. असाच एक जण लातूरच्या स्टँडवर उतरलेला मी पाहिला होता. नवी कोरी बॅग मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होता. घरी कोणत्या तोंडानं जायचं?

त्या बाकापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी एजंटांच्या हात धुऊन मागे लागलो. नावानिशी छापलं, धमक्या खाल्ल्या, आणि खरं सांगू? दर वेळी मी बरोबर निघालो. रिपोर्टरला यापेक्षा वाईट सवय लागू नये.

तर अशात एक नवी पाटी दिसली. एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, ‘परदेशातील नोकरी व व्हिसा : कायदेशीर मदत’. खाली कुणा काझी वकीलबाईंचं नाव. माझ्या कपाळाची शीर तिथंच उडाली. कायदेशीर? भाजीवाला कधी ‘खाण्याजोगी भाजी’ अशी पाटी लावतो का?

एका दुपारी कॅमेरा पिशवीत घालून मी तो जिना चढलो. वळणावर एक गजांची खिडकी होती. त्यातून वरचा हॉल सरळ दिसायचा. मी थांबलो. वाकलो. आणि काय दिसलं म्हणता?

सतरंजीवर रांगेनं बसलेले मजूर, मिस्त्री, सेंटरिंगवाले. समोर टेबलावर पासपोर्टांचा ढीग. ढिगामागे काळा गॉगल लावलेला, पायावर पाय टाकलेला एक इसम. त्यानं एका गरीब दिसणाऱ्या माणसाला उभं केलं.

“पासपोर्ट इकडं दे.”

“कशाला, भाई?”

“कशाला म्हंजे? तुला इमानात बसायचंय का बैलगाडीत? दे इकडं! आन् या कोऱ्या कागदावर सही कर.”

“कोऱ्याच?”

“लिहितो की मी मागून! माझ्यावर भरोसा न्हाई? सगा भाई समजून काम करून राहिलो तुझं!”

आणि त्या माणसानं निमूट सही केली! पासपोर्ट दिला! कोपऱ्यात खुर्चीवर खुद्द वकीलबाई बसल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसत होत्या हो! माझं रक्त उकळलं. गजांतून कॅमेरा घातला, दोन फोटो काढले आणि धडाधड जिना उतरलो.

उतरलो का? तर गाडीसाठी. आमचा पेपर निघायचा नांदेडहून. बातमी आणि फोटोचा रोल पाकिटात घालून संध्याकाळच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायचा, तिकडे आमचा माणूस उतरवून घ्यायचा. त्यामुळे लातूरचं जे काही सत्य असेल ते गाडी सुटायच्या आत ठरवावं लागे. स्टँडवरच, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसून मी कानावरचं पेन काढलं आणि बातमी खरडली.

ड्रायव्हर पाकीट घेताना म्हणाला, “लई घाम आला साहेब. मोठी हाय का?”

“उद्या बघा.”

“ज्याच्याबद्दल हाय त्याला भेटले का?”

“विचारलं की पळून जातात हो हे लोक!”

बघा. रिपोर्टिंगचा प्रश्न एस.टी. ड्रायव्हर विचारतोय आणि उत्तर मी देतोय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम. ‘वकिलाच्या आडोशाला पासपोर्ट हिसकावणारी टोळी.’ गॉगलवाल्याचा फोटो तर असा झकास आलेला, की नांदेडहून संपादकांचा फोन आला, “आयला, काय चेहरा पकडलाय! बघताक्षणी बदमाश!” मी त्या दिवशी चौकातून दोनदा उगाचच फिरून आलो.

दुपारी पोलिसांची जीप त्या क्लासखाली लागली. मीही गेलो, आपल्या बातमीचं फळ बघायला. हवालदारानं ऐटीत तो पासपोर्टांचा ढीग ओढला, वरचा उघडला, आणि त्याचं तोंड उतरलं. दुसरा उघडला. तिसरा उघडला.

“साहेब,” तो फौजदाराला म्हणाला, “हे पुठ्ठं हाय.”

“काय हाय?”

“वह्यांचं पुठ्ठं. कापून आणलेलं. आतमधी कायबी न्हाई.”

वकीलबाई शांतपणे उठल्या. म्हणाल्या, “असणार कसं? हा क्लास आहे.”

आता ऐका. या काझी वकीलबाई मूळच्या लातूरच्याच. भूकंपानंतर घरं बांधायला परदेशी इंजिनिअर, डॉक्टर आले, त्यांच्या व्हिसाची मुदत वाढवून द्यायचं काम यांच्याकडे आलं. ते करता करता बाईंच्या लक्षात आलं की येणाऱ्यांसाठी वकील आहे, जाणाऱ्यांसाठी कुणीच नाही. मग उदगीरच्या एका डाळमिलवाल्यानं परदेशात यंत्रं बसवायला फिटर पाठवायचे म्हणून कागद करून घेतले, त्यामागून मजूर यायला लागले. बाई सगळ्यांना तोंडी समजावून थकल्या. लोक मान हलवायचे आणि बाहेर पडून पुन्हा एजंटाला पासपोर्ट द्यायचे. शेवटी बाई लातूरच्याच ना! त्यांनी क्लास काढला. सराव, चाचणी, पुन्हा सराव! एकानं एजंट व्हायचं, बाकीच्यांनी त्याला नाही म्हणायला शिकायचं. मी बघितला तो माणूस चाचणीत नापास झालेला होता, म्हणून बाई हसत होत्या. त्याच्या मागचा उठून “पासपोर्ट माझा हाय, खिशातून न्हाई निघणार!” असं ओरडला म्हणे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी जिना उतरत होतो. मला वाटलं, खालच्या क्लासात कुणी गणित सोडवलं.

आणि गॉगलवाला? युनूसभाई. गवंडी. भूकंपाच्या गावांमध्ये भिंती धरून ठेवणारा लिंटलचा पट्टा कसा बांधायचा ते शिकलेला पक्का कारागीर, आणि मस्कतच्या एका कंपनीनं त्याच हुन्नरासाठी निवडलेला. गॉगल बाईंच्या कारकुनाचा होता. त्याची लेक सबिहा अकरावीला. तिला खालच्या क्लासात बसवायचं म्हणून हा वरच्या क्लासात बसलेला. दोन दिवसांनी त्याला मुंबईत हजर राहून व्हिसाचं शेवटचं काम उरकायचं होतं.

फौजदार म्हणाला, “ते चौकशीत बघू. तोवर गाव सोडायचं न्हाई.”

मी त्याच्या मागे पोलीस ठाण्यात धावलो.

“साहेब, त्याला मुंबईला जाऊ द्या. बातमी चुकीची आहे.”

“पेपरात छापून आलंय.”

“मीच लिहिलंय!”

“मंग खोटं कसं असंल?”

“अहो, मीच सांगतोय, चुकलो!”

फौजदार माझ्याकडे फार मायेनं बघायला लागला. खुर्ची पुढे सरकवली. म्हणाला, “खरं बोला. या लोकांनी दबाव आणला का तुमच्यावर? घाबरू नका, संरक्षण देतो.”

मी टेबलावर मूठ आपटली. तर यानं शेजारच्या हवालदाराला हळूच सांगितलं, “फारच दबाव दिसतोय.”

वकीलबाई अर्ज घेऊन वरच्या साहेबांकडे गेल्या. वरचे साहेब दौऱ्यावर. मी नांदेडला फोन लावला, दुरुस्ती छापा, चार कॉलम, फोटोसकट! संपादक म्हणाले, “अरे, सगळीकडे आपल्याच बातमीची चर्चा आहे, आणि तू पाय मागे घेतोस? लोक म्हणतायत तू मॅनेज झालास.” मी! मॅनेज! आयुष्यात कुणाच्या चहाचाही मिंधा नाही मी!

संध्याकाळी घरी पेढे आले. कोणी पाठवले असतील? औसा रोडच्या एका एजंटानं. खऱ्या! ज्याच्याविरुद्ध मी तीनदा छापलं होतं तो. निरोप होता, “त्या बाईमुळं धंदा बसला होता. तुमचे लई उपकार.” माझी बातमी म्हणे त्यानं काच लावून भिंतीवर टांगली, वर लाल अक्षरात ‘अशांपासून सावध’.

चौकशी संपली तेव्हा मुंबईची तारीख उलटून गेली होती. कंपनीनं दुसरा गवंडी घेतला. बाईंनी पत्रं लिहिली, फोन केले. उत्तर आलं नाही.

आणि माझी दुरुस्ती? आली की. आतल्या पानावर, पाणबुडी मोटारीच्या जाहिरातीखाली, बोटभर. युनूसभाईंचं आडनाव चुकलेलं. फोटो अर्थातच नाही.

मी ते कात्रण घेऊन युनूसभाईंच्या घरी गेलो. ते ओट्यावर थापी घासत बसले होते. सबिहानं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी बराच वेळ काहीबाही बोललो. ते थापी घासत राहिले.

मग म्हणाले, “साहेब, एक इचारू का?”

“विचारा ना.”

“मी येवढा हुबेहूब वाटलो का?”

मी ते कात्रण घडी करून परत खिशात घातलं.

“मला तसाच एक भेटला होता, पयल्या खेपंला. अस्साच बोलायचा, सगा भाई, सगा भाई. त्याचीच नक्कल केली मी.” त्यांनी थापी उन्हात धरून बघितली. “त्यो अजून फिरून राहिला. त्याचा फोटू कुणी काढत न्हाई.”

पुढे ते पुण्याला बांधकामांवर गेले. सबिहा क्लासला बसली नाही. घरीच मैत्रिणींच्या वह्या उतरवून शिकली, आणि अकरावीनंतर तिनं शास्त्र सोडलं. मी वकीलबाईंना म्हणालो होतो, तिच्या क्लासचं मी बघतो. बाई म्हणाल्या, “तुम्ही बघू नका. तुम्ही बघितलं की काय होतं ते बघितलंय आम्ही.”

थांबा, उठू नका. गाडी अजून सुटलेली नाही.

वर्षभरानं त्याच रस्त्यानं जात होतो. वकीलबाईंची पाटी जागेवर होती. राहवेना. जिना चढलो, वळणावर थांबलो. खिडकी तीच, सतरंजी तीच. मधोमध एक इसम. खांद्यावर पिशवी, कानावर पेन, गळ्यात पुठ्ठ्याचा कॅमेरा. सणासुदीला गावी आलेले युनूसभाईच असावेत, पण पाठमोरे होते, मला कुठलं ओळखायला येतंय! तो इसम कुणालाच काही विचारत नव्हता. खिडकीच्या गजांतून डोकावल्यासारखं करायचा, आपल्याशीच मान हलवायचा, हातावर भराभरा काहीतरी लिहायचा आणि “गाडी सुटंल! गाडी सुटंल!” म्हणत पळायचा.

वकीलबाईंनी विचारलं, “हा दाराशी आला तर काय करायचं?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “आधी खाली बसवायचं! मंग चहा पाजायचा! गाडी सुटंस्तोर उठू द्यायचं न्हाई!”

इतका राग आला मला त्या इसमाचा! कोण हा बेजबाबदार, नालायक माणूस? असल्याला तर उघडा पाडायला हवा! आणि काय सांगू, ती पिशवी माझ्याच पिशवीसारखी आहे हे लक्षात येईपर्यंत माझा हात कानावरच्या पेनाकडे गेलेला होता.