कोंड्यासकट हाजराबी

हाजराबीच्या गिरणीत दळण नेलं की ती आधी डब्यात हात घालायची. मूठभर गहू वर काढायची, त्यातले चार दाणे दाढेखाली कटकन फोडायची आणि समोरच्या बाईच्या तोंडावर निकाल द्यायची. "दाना हाय, पन जीव नाही यात. कोन्या दुकानातून उचलला?" बाई मोठ्या घरची असो की रोजानं जाणारी, निकालात फरक पडत नसे. त्यातून कुणी पीठ चाळून मागितलं तर मग बघायलाच नको. "चाळनी तुमच्या घरी चालवा. माह्या हातून कोंडा फेकल्या जात नाही."

मी सोनाळ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीन गेले होते. उन्हाळ्यात शेजारणींनी सांगितलं, गव्हाच्या पिठात निम्मा मैदा घातला की शेवया पांढऱ्याशुभ्र होतात आणि तुटत नाहीत. हाजराबीकडे गिरणीच्या बाजूलाच शेवयांचं यंत्र होतं. मी गव्हाचा डबा आणि मैद्याची पुडी घेऊन गेले. तिनं पुडी दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवली.

"हे काऊन आनलं, बाई?"

"शेवया पांढऱ्या व्हाव्यात म्हणून."

"खायच्या हायेत का भिंतीले लावाच्या? याची खळ करा अन् शाळेतले नकाशे चिकटवा."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरीणबाईशी असं बोलतात का, म्हणून मी घरी येऊन धुमसत राहिले. दोन दिवसांनी शेवया आणल्या. रंग मातकट. शिजवायला घेतल्या आणि भाजलेल्या गव्हाचा असा वास सुटला की शेजारच्या आजी भिंतीवरून विचारू लागल्या, काय करून राह्यल्या म्हणून. राग तसाच होता. पण मी दोन वाट्या खाल्ल्या.

तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. मागे ही गिरणी, तीन एकर कोरडवाहू वावर आणि यासीन नावाचा एक मुलगा. तिनं गिरणीचा पट्टा चढवण्यापासून जात्याच्या दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं स्वतः शिकून घेतलं. लिहिता-वाचता मात्र येत नव्हतं. ते काम ती माझ्याकडे आणायची. विजेचं बिल, यासीनच्या सासुरवाडीची लग्नपत्रिका, काहीही असो, माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "वाचा. जसं हाय तसं वाचा. मले गोड करून नोका सांगू."

मग बीटी कपाशीची वर्षं आली. बियाण्याच्या जाहिरातीची जीप भोंगा लावून गावात फिरायची. पहिली काही वर्षं बोंडं बरी लागली आणि गावानं बाकी सगळं सोडलं. पूर्वी आमच्याकडे काळ्या रानात, पावसाच्या मुरलेल्या ओलीवर, बन्सी गहू व्हायचा. पिवळसर, काचेसारखा टणक दाणा. शेवया आणि सरगुंडे त्याचेच करावेत. पण ही कपाशी थंडी सरेपर्यंत वावरातून उठतच नसे, मग गहू पेरणार कुठं? पाहता पाहता बन्सी दिसेनासा झाला. पुढं बोंडअळी परत आली, फवारण्या वाढल्या, तरी गहू काही परत आला नाही. गिरणीत दुकानातला गहू येऊ लागला, तोही कमी कमी. हाजराबी चिडायची. "कापूस इकून गहू आनता, अन् गव्हातला गहू फेकून मैदा खाता. मंग पोटात गेलं काय?" यासीनलाही तीनही एकरांत कपाशी लावायची होती. तिनं बांधावर उभं राहून सांगितलं, "दोन एकर तुह्ये. एक माहा. माह्या एकरात सरकीचा एक दाना दिसला तं उपटून फेकीन." त्या एका एकरात ती बन्सी पेरत राहिली.

अशातच एका संस्थेनं ग्रामपंचायतीच्या सभागृहात आहाराचा कार्यक्रम ठेवला. शहरातून एक मॅडम आल्या होत्या. नेहमीच्या मैद्याच्या पास्त्याऐवजी पूर्ण गव्हाचा पास्ता खावा, त्यात तंतू असतात, रक्त वाढतं, साखर आटोक्यात राहते, असं त्या पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होत्या. शेवटी त्यांनी शेगडीवर तो पास्ता शिजवून सगळ्यांना कागदी वाट्यांतून दिला. हाजराबीनं एक नळी उचलली, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि चावली.

"हे तं सरगुंडे हायेत!"

मॅडम हसल्या. "नाही मावशी, हा इटलीचा पदार्थ आहे."

"असन. पन आमच्या इटलीले आमी सरगुंडे म्हनतो."

सभागृह हसलं. ती उठून घरी गेली आणि डबा घेऊन आली. आमच्या वऱ्हाडात कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळतात, अलगद सोडवून उन्हात वाळवतात आणि शिजवून आमरसाबरोबर खातात. तेच हे सरगुंडे. मॅडमनी ते चवीनं खाल्ले. बाई भली होती. तिनंच खटपट केली आणि बचत गटाला तालुक्याकडच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी पूर्ण गव्हाचे सरगुंडे पुरवायचं काम मिळालं. आठवड्यातून दोनदा मुलींना भाजी घालून द्यायचे. काम एका पुरवठादारामार्फत होतं. पाकिटं त्याची, माल गटाचा.

दहा बायका हाजराबीच्या अंगणात बसू लागल्या. कापूस वेचून बोटं फाटलेल्या बायका सावलीत बसून काड्यांवर वळ्या गुंडाळत होत्या, गाणी म्हणत होत्या. गटाची कागदपत्रं मी बघायचे. हाजराबी प्रत्येकीच्या काडीवर नजर ठेवून असायची. "जाड झालं, सुनंदा. पोरीच्या घशात अडकन." तिच्या एकराचा बन्सी संपला तर ती सातपुड्याच्या पायथ्याशी गावोगाव फिरून, ज्याच्या घरी दोन पायल्या असतील त्याच्याकडून आणायची.

पाच-सहा महिने बरे गेले. मग पुरवठादार स्वतः आला. स्वच्छ कपड्यांचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं नमुना हातावर घेतला.

"मावशी, रंग बघा. काळपट दिसतो. निम्मा मैदा घाला. काम लवकर होईल, तुकडा पडणार नाही, सगळ्यांचाच फायदा."

हाजराबीनं पाकीट उचललं आणि माझ्या हातात दिलं. "बाई, याच्यावर काय लिवलं ते वाचा."

मी वाचलं. "संपूर्ण गव्हाचे. मैदा नाही."

"मंग आता हे बदलून टाका. लिवा, निम्मा मैदा. मी उद्यापासून घालते."

तो हसला. "पाकिटं छापून झाली आहेत, मावशी. आणि असं कोण वाचतं?"

"ते पोरी वाचतात ना! शाळेत जातात त्या. मी अडानी हाय, त्या नाहीत."

त्यानं आठ दिवसांची मुदत दिली आणि गेला. अंगणात एकच कालवा झाला. सुनंदाच्या घरी पावसानं कपाशी पिवळी पडली होती, हाताला दुसरं काम नव्हतं. ती रडतच म्हणाली, "मैदा म्हंजे काही जहर नाही हो, हाजराबी. दुनिया खाते." बाकीच्याही तेच बोलू लागल्या. कुणी म्हणालं, हिला काय, हिची गिरणी आहे. हाजराबीनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्याच माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हणाले, "हाजराबी, थोडा घातला तर काय बिघडतं? दहा घरांचा प्रश्न आहे."

आजही ते वाक्य आठवलं की मला माझाच संताप येतो. आयुष्यभर फळ्यावर सुविचार लिहिले, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं ते हे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दाणा फोडून पाहिल्यावर ती जशी क्षणभर थांबायची, तशी थांबली. मग म्हणाली, "ठीक हाय. तुमी बी चाळनीतल्याच निंगाल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटी वसतिगृहावर गेली. नंतर तिथल्या अधीक्षकबाईंनीच मला सगळं सांगितलं. मुली जेवायला बसल्या होत्या. हाजराबी दारात चपला काढून आत आली आणि म्हणाली, "पोरींनो, हे सरगुंडे मी करते. आजपर्यंत यात मैदा नव्हता. आता पुढं घाला म्हनून राह्यले. मी घालनार नाही. माह्याकडून आले नाही तं समजजा, पाकिटात झूट हाय." मुलींनी तिला ताट वाढलं. ती त्यांच्यात बसून जेवली आणि परतीच्या गाडीनं आली.

आठवड्यात काम गेलं. 'गटाची शिस्त नाही' असं पत्र आलं. ते मलाच वाचून दाखवावं लागलं. वसतिगृहात दुसरीकडून पांढरे सरगुंडे जाऊ लागले, त्याच पाकिटांतून. अधीक्षकबाईंनी तक्रार केली. कुणीतरी येऊन पाहून गेलं आणि पाकिटावर तेच छापलेलं राहिलं. खोटं लिहिणाऱ्याचं काही वाकडं झालं नाही. खरं सांगणारीच्या गिरणीत मात्र त्या दहा घरांनी दळण आणणं बंद केलं. सुनंदा वरवट बकालला जाऊन दळून आणायची, पण हाजराबीच्या दारात पाय ठेवायची नाही. मी सुनंदाला दोष देत नाही. तिला काम हवं होतं. दोष ज्याचा, तो स्वच्छ कपड्यांत गाडीत बसून निघून गेला होता आणि भांडत आम्ही बसलो होतो.

हाजराबीचं बोलणं माझ्याशी तुटलं नाही, पण कागद वाचायला ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. यासीनच्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्यायची. पुढं माझी बदली बुलढाण्याला झाली. निघताना भेटायला गेले तेव्हा ती यंत्रावर होती. "सुखानं राहा," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी कळलं की ती अंथरुणाला खिळली आहे. मी गेले. खूप वाळली होती, आवाज मात्र तसाच. शेजारी सुनंदा बसून तिला पेज भरवत होती. कधी आली, कशी आली, मी विचारलं नाही. सुनंदा बाहेर गेल्यावर मी खाटेच्या कडेला बसले आणि इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं बोलले.

"हाजराबी, त्या दिवशी माझी चूक झाली."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या बाई, झालं गेलं. मरणाच्या दारात सगळे तसंच म्हणतात. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"हाव, चुकल्याच तुमी. सुनंदाले पोट होतं. तुमाले नौकरी होती. तुमाले काय भेव होतं?"

तिनं माझा हात हातात घेतला, घट्ट धरला, पण शब्द मागे घेतला नाही. मग म्हणाली, "जेवून जा."

त्याच महिन्यात ती गेली. सोनाळ्याची ओळखीची माणसं भेटतात तेव्हा म्हणतात, तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलं असेल. मी मान हलवते, पण मला ते पटत नाही. तिनं मला जेवू घातलं, हात धरला, आणि चूक ती चूकच ठेवली. ती पुसून मागायचा मला हक्क नाही.