आठ दिवसांचा गॅस

बदनापूरजवळच्या शिवारात राहणाऱ्या नंदाबाईचा हात मुळात राखणारा. उन्हाळ्यातल्या कुरडया ती पार दिवाळीपर्यंत पुरवायची. सत्त्याऐंशी साली नवऱ्यानं, म्हणजे कचरूनं, गोठ्यामागं गोबरगॅस बांधला, तेव्हाही तिनं तोच कायदा लावला. थोरल्या लेकीचा साखरपुडा ठरल्ता. पंचवीस माणसांचा सैपाक धुराशिवाय करून दाखवीन, असं ती शेजारच्या थोरल्या जावेला, गोजरबाईला, बोलून बसली होती.

म्हणून आठ दिवस आधीच तिनं गॅसची शेगडी बंद केली. भाकरी चुलीवर. शेण मात्र रोज कालवून गोबरगॅसच्या खड्ड्यात टाकायची. दुसऱ्याच दिवशी खड्ड्यावर उलटी बसवलेली लोखंडी टाकी गॅसनं भरून वर आली अन् तिथंच थांबली. कडेच्या शेणकाल्यातून बुडबुडे येत राहिले. आत दाटून बसला असंल, नंदाबाईला वाटलं. आदल्या दिवशी तर तिनं चूलही मोडून जागा सारवून टाकली.

साखरपुड्याला शेगडी निळीशार पेटली. वरण झालं, भात झाला. पुरणाची डाळ अर्धीकच्ची असताना जाळ भुकभुकला अन् विझला. पाहुणे मांडवात टेकलेले.

"आठ दिसाचा गॅस गेला कुठं?" ती कचरूवर खेकसली. "नळी तर उघडी न्हाई ना ठेवली तुम्ही?"

"मी कशाला हात लावू? शेरडानं खाल्ला असंल!"

टाकी बसवणारा लतीफ जेवायला आल्ता. नंदाबाईनं त्याला गोठ्यामागं नेलं.

"भाभी, हिच्यात एका दिवसाचाच मावतो. बाकीचा कडंनं उडून गेला."

"पण शेण तर आठ दिसाचं घातलं की मी!"

"बराबर घातलं. पर ठेवायचा कशात?"

तिला टाकी दिसत होती, शेण दिसत होतं. उडून गेलेलं काही दिसेना. शेवटी डाळीचं पातेलं उचलून ती जावेच्या चुलीकडं गेली.

"का गं नंदे, पाहुण्याआधी तुझा गॅसच जेवला का?" म्हणत गोजरबाईनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीत सारल्या. घरभर धूर झाला. पंगत उशिरा उठली, पण सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा वर. जपावा तर उडतो, वापरावा तर संपतो. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या होत्या, तरी नंदाबाईनं शेगडी पेटवून हंडाभर पाणी ठेवलं, अन् हे कुणासाठी असं कचरूनं विचारलं, तशी तिनं जाळ अजून मोठा केला.