ग्रीक राजाचे दोन मुलगे आणि आम्ही दोघे

बाबांना ज्येष्ठ नागरिक संघात भाषण करायचं होतं. संघात महिन्यातून एकदा कुणीतरी बोलतं. आधीच्या महिन्यात एका बाईंनी गुडघेदुखीवरचे व्यायाम दाखवलेले, त्याच्या आधी एक वकील मृत्युपत्रावर बोललेले. बाबांनी विषय दिला, ‘एका ग्रीक राजघराण्यातील भाऊबंदकी’.

“बाबा, आपल्या डोंबिवलीत कोण ऐकणार ग्रीक राजे?” मी विचारलं.

“घरातली भांडणं आहेत रे. का नाही ऐकणार?”

बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण पहिली पाळी सुटली की घरी न येता आधी वाचनालयात जायचे आणि इतिहासाची पुस्तकं घेऊन बसायचे. सगळ्यांना जगज्जेता राजा माहीत असतो. बाबांना त्याच्यानंतरचं आवडायचं. तो तरुणपणी वारला, मग त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, त्यातल्या एका एकाक्ष म्हाताऱ्याने स्वतःचं घराणं उभं केलं, हे सगळं त्यांनी वहीत उतरवून ठेवलेलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेत. म्हणून ते सांगणार आणि मी लॅपटॉपवर उतरवणार, असं ठरलं. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे घरात हे काम दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी दुपारी जेवण झालं की आम्ही गॅलरीत बसायचो. बाबांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. “नावं घ्यायची नाहीत. आजोबाचं नाव नातवाला, नातवाचं पणतूला, लोक गोंधळतात. म्हातारा राजा, थोरला, धाकटा, एवढंच लिही.”

पहिल्या रविवारी त्यांनी त्या एकाक्ष राजाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या राजांचे दूत दरबारात आलेले. बोलणी आटोपून ते निघाले, तेवढ्यात राजाचा मुलगा शिकारीहून परतला. हातात भाले तसेच. तो सरळ बापाजवळ गेला, त्याचा मुका घेतला आणि शेजारी बसला. राजाने त्या दूतांना मोठ्याने हाक मारली आणि सांगितलं, आम्ही बापलेक एकमेकांशी कसे वागतो, हेही तुमच्या धन्यांना सांगा.

“कळलं ना तुला?” बाबा म्हणाले. “त्या काळात बाकीच्या राजांच्या घरात मुलगा बापाला मारायचा, आई मुलाला मारायची, भाऊ भावाला. हत्यार घेऊन मुलगा जवळ आला तरी बाप बिनधास्त आहे, हीच त्या म्हाताऱ्याची श्रीमंती. पुढे कितीतरी पिढ्या त्या घराण्यात असलं काही झालं नाही.”

“मग भाऊबंदकी कुठाय?”

“येईल की. पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी ती आली. त्या घराण्याच्या शेवटून दुसऱ्या राजाला दोन मुलगे. रोमनांशी लढाई हरल्यावर धाकट्याला ओलीस म्हणून रोमला पाठवावं लागलेलं. तिथे तो सगळ्यांचा लाडका झाला. परत आला तेव्हा लोकही त्याच्या मागे. थोरल्याला वाटायला लागलं, गादी आपल्या हातून जाणार. एकदा सैन्याच्या शुद्धीचा विधी होता. त्यात दोन तुकड्यांची लुटुपुटुची लढाई असायची, दोन्ही तुकड्यांचे पुढारी हे दोघे भाऊ. ती जरा जास्तच खरी झाली, काहींना लागलं. संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी वेगवेगळ्या मेजवान्या दिल्या. धाकटा खाऊनपिऊन खुशीत होता. तो आपल्या सोबत्यांना म्हणाला, चला, दादाकडे जाऊ, काय राग असेल तो काढून टाकू. गेला. थोरल्याने दार बंद करून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी बापाला जाऊन सांगितलं, हा काल मला मारायला आलेला.

मी टाइप करायचा थांबलो.

“लिहिलंस?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“मग आवाज येत नाही तो बटणांचा.”

मी म्हटलं, चहा ठेवतो. उठून आत गेलो. गॅस पेटवला नाही, तसाच ओट्याजवळ उभा राहिलो.

आमच्या घरातली गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. बाबांच्या छातीचा त्रास वाढला आणि डॉक्टरांनी त्यांना बॉयलरजवळ काम करायला मनाई केली. कंपनीत तेव्हा पद्धत होती की माणसाला तब्येतीमुळे लवकर निवृत्त व्हावं लागलं तर घरातल्या एकाला कामावर घ्यायचे. आम्ही दोघे भाऊ. दादा बावीसचा, आयटीआय झालेला. मी एकोणीसचा, कॉलेजात. नाव दादाचंच जाणार, यात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती, आणि तेच मला खुपायचं. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची, घरच्यांना आत सोडायचे. बाबा दरवर्षी दादाला बॉयलरपर्यंत न्यायचे, सगळे व्हॉल्व्ह दाखवायचे. मला आईबरोबर मांडवात बसवायचे. “तू लहान आहेस,” म्हणायचे. मी सतरा वर्षांचा झालो तरी लहानच होतो.

त्या दिवसांत एकदा मी कॉलेज बुडवून मित्रांबरोबर खडवलीला नदीवर गेलेलो. पलीकडच्या काठाला दादा दिसला. त्याचे आयटीआयचे चारपाच मित्र होते, खडकावर बाटल्या होत्या. दादा पाण्यात होता. उताणा पडून पोहत होता, आकाशाकडे बघत. त्याच्या हातात मी काही पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतर कधीही नाही.

दोन दिवसांनी मी बाबांना सांगितलं, “दादा पितो. माझ्या मित्राने पाहिलंय खडवलीला.”

मित्राने, असं म्हटलं, कारण मी तिथे होतो हे कळायला नको होतं.

आमचे आजोबा दारूने गेले. कोकणातलं घर त्यातच गेलं. बाबा अकरा वर्षांचे असताना त्यांनी बापाला बांधावरून उचलून आणलेलं. हे मला माहीत होतं. म्हणजे काय सांगितलं की बाबांचं डोकं चालायचं बंद होईल, हे मला नीट माहीत होतं.

बाबांनी कंपनीत माझं नाव दिलं. दादाने विचारलं, “बाबा, का?” बाबा म्हणाले, “तुझं तुला ठाऊक.” बस, एवढंच बोलणं झालं. दादा महिन्याभरात ठाण्याला, कोपरीत मामाकडे गेला. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं. सणावारी यायचा, बाबांच्या पाया पडायचा, जेवायचा आणि निघायचा. दोघांचं बोलणं आईमार्फत चालायचं. आई गेल्यावर तेही संपलं. मी सहा वर्षं बॉयलरवर काढली, मग कंपनीच बंद पडली.

चहा न करताच मी गॅलरीत परत आलो. “बाबा, पुढे काय झालं?”

“पुढे? बापाने दोघांना समोर बसवलं, दोघांचं ऐकून घेतलं. निकाल दिला नाही. पण मनात किडा शिरला. मग थोरल्याच्या माणसांनी रोमहून आलंय असं सांगून एक पत्र आणलं. खोटं. धाकटा फितूर आहे, असा त्याचा अर्थ निघत होता. या वेळी बापाने मुलाला विचारलं नाही. मारून टाकायला लावलं. नंतर कळलं पत्र बनावट होतं. मग झोप गेली त्याची. त्या दुःखातच मेला.”

बाबांनी हात पुढे करून गॅलरीचा कठडा चाचपला. त्यांना उठायचं असलं की ते तसं करतात. मी त्यांचा हात धरला आणि बसवलं.

“बाबा, दादा पीत नव्हता.”

“कोण?”

“दादा. खडवलीला. मी स्वतः तिथे होतो. मित्राने नाही, मीच पाहिलं. त्याच्या मित्रांकडे बाटल्या होत्या. तो पोहत होता फक्त.”

बाबा माझ्याकडे बघत होते, पण त्यांना माझा चेहरा दिसत नाही हे मला ठाऊक होतं. मी ते ठाऊक असूनही मान खाली घातली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

“तू एकोणीस वर्षांचा होतास,” शेवटी बाबा म्हणाले. “मी पन्नाशीला आलेलो. विचारायचं काम माझं होतं.”

“मी खोटं बोललो, बाबा.”

“ते तुझं तू बघ. मी माझं सांगतोय.” मग म्हणाले, “कोपरीला ने मला. आज नको. आज मला बोलता यायचं नाही.”

बुधवारी मी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही रिक्षाने कोपरीला गेलो. दादा दुकानात एका पंपाची तार गुंडाळत बसलेला. बाबांना बघून उभा राहिला, तार हातातून सुटली आणि घरंगळत पायरीपर्यंत आली. “काय झालं? बरं नाही का?” त्याने मला विचारलं.

“बरं आहे,” बाबाच बोलले. “बसायला दे.”

दादाने स्टूल पुसून दिलं. बाबा बसले आणि त्यांनी काही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. मला वाटलेलं मीच बोलेन, पण त्यांनी मला संधीच दिली नाही. माझा भागही त्यांनीच सांगितला, जसा होता तसा, तिखटमीठ न लावता आणि पांघरूण न घालता. शेवटी म्हणाले, “मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.”

दादाने हातातली पक्कड काउंटरवर ठेवली.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “तुम्हाला वाटलं असेल मला जमणार नाही. बॉयलरचं काम. त्या शेवटच्या खंडेनवमीला तुम्ही विचारलेलं, प्रेशर वाढलं तर आधी काय करायचं, आणि मी चुकलेलो. मला वाटलं त्यामुळे.”

“कधी विचारलेलं?”

“विचारलेलं तुम्ही.”

“मला आठवतही नाही रे,” बाबा म्हणाले. ते हाताने दादाला शोधायला लागले. दादा काउंटरच्या या बाजूला आला, खाली बसला, आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर, कानावर, खांद्यावर हात फिरवला. दादाचे केस पुढून बरेच गेलेत. बाबांना ते बहुतेक तेव्हाच कळलं. हात तिथे थांबला आणि परत फिरला.

मी पायरीवर पडलेली तार गोळा करत होतो.

दादा माझ्याकडे वळला तेव्हा तो रडत नव्हता. “तू जा आता,” म्हणाला. “बाबा राहतील इथे थोडे दिवस. तू येऊ नकोस इतक्यात. मला तुझ्याशी बोलता येणार नाही.”

“कपडे, औषधं...” मी म्हटलं.

“वहिनी येईल न्यायला. तू जा.”

मी गेलो. घरी बायकोला सगळं सांगितलं, कारण इतकी वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “तो चिडला ते बरं झालं. हसून सोडून दिलं असतं तर मला भीती वाटली असती.” आणि बाबांच्या डोळ्यांचे ड्रॉप्स कुठल्या वेळी कुठले, हे तिने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीत घातलं.

बाबा कोपरीत चोवीस दिवस राहिले. भाषणाच्या दिवशी दादाच त्यांना घेऊन आला. संघाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. मी कागद घेऊन बाबांच्या बाजूला बसलो, अडले तर सांगायला. ते अडले नाहीत. दादा मागच्या रांगेत दाराजवळ बसलेला. बंद दाराच्या प्रसंगाला मी त्याच्याकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

भाषण संपल्यावर त्या गुडघ्याच्या व्यायामवाल्या बाई उठल्या. “मला एक कळलं नाही. पहिल्या वेळी राजाने दोघांना समोर बसवलं, मग दुसऱ्या वेळी का नाही बसवलं?”

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. “पुस्तकात कारणं बरीच दिलीत,” म्हणाले. “मला वाटतं घाबरला. मुलगा खरंच तसा निघाला तर काय, याची भीती. विचारलं नाही म्हणजे ऐकावं लागत नाही.” मग म्हणाले, “चहा आलाय वाटतं.” लोक हसले आणि उठले.

चहाच्या टेबलापाशी दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “त्यांना सकाळी उठल्यावर खोकला येतो. तुझ्याकडे एकच उशी देतोस काय? दोन दे.”

“देतो.”

“आणि ते नऊचे ड्रॉप्स फ्रीजमध्ये ठेवायचे असतात. बाहेर ठेवू नको.”

त्याला आता वर्ष होत आलं. बाबा एक महिना माझ्याकडे, एक महिना कोपरीला असतात. ने-आण आम्ही दोघे आळीपाळीने करतो. दादा माझ्या घरी अजून जेवत नाही, उभ्याउभ्या पाणी पितो. मी त्याची माफी मागितली, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा तो म्हणाला, “बघू.” परवा त्याचा फोन आला. बाबांना पुढचं भाषण करायचंय, विषय अजून ठरत नाहीये, आणि दादाच्या मुलीचं मराठी टायपिंग फार हळू आहे म्हणे.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” दादा म्हणाला, “रविवारी ये लॅपटॉप घेऊन.”