दाराशी मांडलेल्या चपला

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात टाळली, नातेवाइकांत टाळली, आणि जिला सांगायला हवी होती तिच्यासमोर तर रोज टाळली. आता ती नाही. माझी धाकटी बहीण शकुंतला, आमची शकू, जाऊन महिना उलटला. भेटायला येणारी माणसं माझा हात हातात घेऊन म्हणतात, "तुमच्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळो." मी मान खाली घालतो. त्यांना ते दुःख वाटतं... आहेच ते दुःख. पण नुसतं दुःख नाही.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत तिच्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभा होतो. तिची मुलगी जान्हवी, आमची जानू, स्वमग्न आहे. शकू दवाखान्यात गेल्यापासून जानूला आमच्या चुडाव्याच्या घरून रेल्वेनं शाळेत न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं. फोनवर माझी लेक सविता होती. "बाबा, आत्या..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. फाटकातून मला जानू दिसत होती. वर्गाच्या दारात वाकून ती सगळ्या मुलांच्या चपला जोडीनं लावत होती, टाचा भिंतीला, टोकं बाहेर. तिला हाक मारावी की तेवढं काम पुरं होऊ द्यावं, मला कळेना. मी होऊ दिलं.

शकूचं सासर सोनपेठचं. जानू वेळेवर चालली, पण हाकेला वळेना, नजरेला नजर देईना, कुणी उचलून घेतलं की कान झाकून ओरडायची. सासरी आधी नवस झाले, अंगारे झाले, मग टोमणे. शेवटी सासूनं ऐकवलं, "असलं लेकरू आमच्या घराण्यात कवाच झालं न्हाई." नवरा गप्प बसला. शकू तशीच एस.टी.त बसून माझ्या दारात आली. खांद्यावर जानू, हातात एक पिशवी. "दादा, थोडे दिस ऱ्हाते," म्हणाली. मी तेव्हा पूर्णेला रेल्वेत नोकरीला होतो. मी म्हणालो, "तुझंच घर आहे." मनापासून म्हणालो होतो, हे आज मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटणार नाही.

त्या पोरीला चपलांचा नाद पहिल्यापासून. कुणी घरात आलं की ती आधी माणसाकडे नाही, त्याच्या पायांकडे बघे. चपला काढल्या रे काढल्या की रांगेत लावे. एखादी वाकडी राहिली तर तिला जेवण जात नसे. शकू हसायची. "दादा, तुझी चप्पल रोज वाकडी ऱ्हायती. पोरीला वाटायलंय, मामाच्या पोटात कायतरी हाय." मीही हसायचो.

शकू सातवी शिकलेली. पण लेकीसाठी तिनं जे धरलं ते सोडलं नाही. सरकारी दवाखान्यात खेटे घालून दाखला काढला. कुणीतरी सांगितलं, परभणीत अशा मुलांची शाळा आहे. एकटी जाऊन बघून आली. त्या संध्याकाळी अंगणात पाय पसरून बसली आणि किती वेळ बोलत होती! तिथं मुलांना चित्रं दाखवून शिकवतात म्हणे, कुणी आरडत नाही म्हणे, जानूसारखंच एक पोरगं आईला पाणी मागायला शिकलं म्हणे. "दादा, माझी जानू मला आई म्हणंल का रं?" मी म्हणालो, "म्हणेल की." जागा मोजक्याच होत्या. प्रवेश पक्का करण्याआधी शाळेच्या बाई घरी येऊन मूल आपल्या घरात कसं राहतं ते बघणार होत्या. शकूजवळ फोन नव्हता. तिनं माझा नंबर दिला होता.

त्याच दिवसांत सविताला बघायला पाहुणे यायचं ठरलं. स्थळ चांगलं होतं, मुलगा शिक्षक. आमच्याकडे सोयरिकीआधी घराणं बघतात, आणि घराणं बघणं म्हणजे घरात कोण कसं आहे ते बघणं. एखादं मूल वेगळं दिसलं की बियाण्यातच खोट आहे म्हणून पाहुणे चहा पिऊन उठतात. मी शकूला म्हणालो, "आजच्या दिवस जानूला घेऊन आखाड्यावर जाशील का?" आखाडा म्हणजे शेतातली आमची खोली. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. शकूनं माझ्याकडे बघितलं. दोघींची भाकरी बांधली, आणि जाताना दारातली जानूनं लावलेली चपलांची रांग स्वतःच्या हातानं उचलून आत ठेवली.

ती आखाड्यावर गेल्यावर, त्या सकाळीच शाळेतून फोन आला, की आज पूर्णेकडे येतोय, तुमच्याकडेही येऊ. मी 'या' म्हणालो. पाहुणे दुपारपर्यंत जातील, मग शकूला बोलावून घेऊ, असा माझा हिशोब. पण पाहुणेच उशिरा आले. बैठकीत पोह्यांच्या बशा गेल्या, सविता पाटावर बसली, आणि दारात रिक्षा थांबली. दोघी जणी उतरल्या. एकीच्या हातात रंगीत ठोकळ्यांची पिशवी होती. मी धावतच रस्त्यावर गेलो.

"जान्हवीचं घर हेच ना?"

आतून मुलाच्या मामाचा आवाज आला, "कोण आलंय हो?" आणि मी त्या बाईंना हळू आवाजात म्हणालो, "त्या माय-लेकी सासरी गेल्या, सोनपेठला. आता शाळा नको म्हणाले तिकडचे."

बाई म्हणाल्या, "पण ताई तर फार मनापासून..."

"नको म्हणाले," मी म्हणालो.

रिक्षा वळली. मी आत येऊन सांगितलं, "पत्ता चुकले होते." पाहुण्यांनी सुपारी घेतली.

दुसऱ्या दिवशी एक फोन केला असता तर सगळं सावरलं असतं. पण फोन केला तर काल काय बोललो ते सांगावं लागलं असतं. मग आज नको, उद्या. शकू रोज विचारायची, "दादा, शाळेचा फोन आलता का?" मी म्हणायचो, "नाही आला." शेवटी ती स्वतः परभणीला गेली. तिथं कचेरीतल्या माणसानं तिला एवढंच सांगितलं, जागा भरल्या. संध्याकाळच्या गाडीनं परत आली, जानूचे पाय धुतले, तिला भरवलं. म्हणाली, "आपल्या नशिबात न्हवती, दादा. तू तरी काय करशील?"

सविताचं लग्न त्याच घरी झालं. लपवून काय साधलं ते मांडवातच कळलं. जानू कुणाची तरी नजर चुकवून बाहेर गेली आणि वऱ्हाडाच्या सगळ्या चपला लावून बसली. आमच्या विहीणबाई बाहेर आल्या, ती लांबलचक रांग बघितली आणि मोठ्यानं हसल्या. "अगं बाई! लग्नात चप्पल जोडीनं सापडली, हे पहिल्यांदाच!" मग जानूपासून जरा अंतर ठेवून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "हिला आमच्यापासून कशाला लपवलं होतं? आमच्यातबी हाय की असं लेकरू."

शकूनं शाळेचा पाठपुरावा सोडला नव्हता. काही वर्षांनी त्याच शाळेत जागा निघाली. या वेळी मी बरोबर गेलो. तिथल्या बाई आता वेगळ्या होत्या. जानूबरोबर बसून त्यांनी बराच वेळ ठोकळे लावले आणि मग म्हणाल्या, "शिकेल ही. पण जरा लहानपणी आणलं असतं तर बोलणं लवकर आलं असतं." शकू घाईघाईनं म्हणाली, "आणलं होतं बाई, तवा जागा न्हवती." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर रोजचा प्रवास सुरू झाला. सकाळच्या गाडीत शकू जानूला खिडकीशी बसवायची आणि स्वतः तिच्या आणि गर्दीच्या मध्ये बसायची. फेरीवाल्यांशी तिची दोस्ती होती. जानू डब्यात असली की ते ओरडायचे नाहीत, नुसती टोपली दाखवून पुढं जायचे. जानू आधी 'पाणी' म्हणायला शिकली, मग 'गाडी'. 'आई' म्हणायला फार दिवस गेले. ज्या संध्याकाळी ती म्हणाली, त्या संध्याकाळी शकू सगळ्या आळीत साखर वाटत फिरली आणि प्रत्येक दारात म्हणाली, "दादा होता म्हणून झालं." मी तिला थांबवू शकलो नाही.

तिला खरं कळलं होतं का? मला आजही माहीत नाही. शाळेत कुणीतरी कधी बोललंही असेल. ती माझं एवढं गुणगान करायची ते खरोखर मानत होती म्हणून, की मी कधीतरी तोंड उघडावं म्हणून... विचारायचं धाडस मला झालं नाही.

शेवटच्या दुखण्यात मी ठरवून दवाखान्यात गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. कॉटजवळ बसलो, म्हणालो, "शकू, एक सांगायचंय." तेवढ्यात सिस्टर आल्या. शकूनं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि त्यांना म्हणाली, "हे माझे दादा. ह्यांच्यामुळं माझी लेक शाळंत जायलीय." मग मला म्हणाली, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "काही नाही. जानू आज नीट जेवली." तिनं डोळे मिटले, चेहऱ्यावर समाधान होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. मला उद्या म्हणायची जुनी सवय.

दहाव्याच्या आधी बायकांनी रीतीप्रमाणे तिचे कपडे बाजूला काढले, चपलाही टाकून द्यायला नेल्या. जानूनं त्या पिशवीतून ओढून परत आणल्या आणि जागेवर ठेवल्या. परत नेल्या, तिनं परत आणल्या. मग मीच म्हणालो, राहू द्या.

आम्ही दोघं रोज संध्याकाळी परभणीहून येतो. जानू आधी स्वतःच्या चपला लावते, मग तिच्या आईच्या रोजच्या वापरातल्या निळ्या चपला, ज्यांच्या एका अंगठ्याला शकूनं तारेचा टाका घातलेला आहे. मग माझ्याकडे बघते. माझी चप्पल अजून वाकडीच पडते. ती वाकून ती सरळ करते, निळ्या चपलांना लागून ठेवते, आणि आत जाते. मी उंबऱ्यावर बसून राहतो. आत जानूच्या ठोकळ्यांचा आवाज येत असतो, बाहेर अंधारून येतं. दारात आता कुणी नसतं. कुणी ऐकेल ही भीती उरलेली नाही. मी त्या निळ्या चपलांकडे बघून सुरुवात करतो... "शकू, त्या दिवशी शाळेच्या बाई आल्या होत्या गं. तू आखाड्यावर होतीस. मी..."