गावाला पगारी माणूस

लग्न झाल्यापासून माझी एक ट्रंक कधी पुरती रिकामी झालीच नाही. सामान काढून मांडावं, तोवर बदलीचा हुकूम यायचा. माझे यजमान निजाम सरकारात दरोगा होते. पोलिसातले नव्हेत, रस्त्यांची झाडलोट, कंदील, आठवडी बाजार, पाणवठे असा गावाचा रोजचा कारभार बघायला नेमलेले.

आष्टीच्या बाजूच्या एका बाजारगावात आम्ही ऐन उन्हाळ्यात जाऊन पोचलो. त्या गावात आमच्याआधी असा माणूस कधी आलाच नव्हता. वेशीजवळच्या लिंबाखाली म्हातारे पाटील आणि गावातली चार वडीलधारी माणसं बसायची, सगळं तिथंच ठरायचं. पहिल्याच दिवशी पाटील ह्यांना चारचौघांत म्हणाले, "साहेब, घर चालवाया कुनी पगारी मानूस ठिवतं का? गाव बी घरच हाय." हे नुसते हसले. मला ते हसणं खटकलं, आणि तिथल्या मुक्कामात जी हुरहूर लागली ती बहुतेक तिथूनच.

त्या साली विहिरी आटल्या होत्या. पाणी उरलं होतं ते वेशीबाहेरच्या बारवेत. उजाडायच्या आत तिथं झुंबड उडायची. ज्याच्या घरी माणसं जास्त, त्याच्या घागरी आधी भरायच्या. महारवाड्यातल्या बायांना पायऱ्या उतरायची बंदी. त्या वर उन्हात रिकामी मडकी घेऊन बसून राहायच्या. कुणाच्या मनात आलं तर त्यांच्या मडक्यात पाणी ओतायचं, नाही तर नाही. लिंबाखाली सगळ्या गोष्टींचा निवाडा व्हायचा, ह्याचा कधी झाला नाही.

ह्यांनी आठवड्याभरात आळीवार पाळ्या लावल्या आणि बारवेवर शिपाई बसवला. महारवाड्यालाही रोजची पाळी दिली आणि त्यांचं पाणी वर काढून द्यायला एक गडी ठेवला. भांडणं थांबली, पण माझ्याशी बोलणंही थांबलं. मी बारवेवर गेले की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. अख्खी दुपार मी ह्या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "महिनाभरात सवय होईल." कुणाला, ते काही बोलले नाहीत.

एकदा हे कचेरीच्या कामाला बीडला गेले होते. मी सकाळचं स्वयंपाकाचं आवरत होते, तेवढ्यात शेवटच्या आळीतली एक म्हातारी दारात आली. तिची सून बाळंत होत होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. शिपायानं तिला परतवलं होतं. त्यांच्या आळीची पाळी संध्याकाळची. घरात होती ती घागर मी तिला दिली, आणि आणखी पाणी हवं म्हणून तिच्याबरोबर बारवेवर गेले.

शिपाई अदबीनंच बोलला. "बाईसाहेब, हुकूम तुमच्याच घरचा हाय. मी मोडला तर माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात लिंबाखालून पाटील उठून आले. त्यांनी म्हातारीला काय झालं ते विचारलं आणि शिपायाला म्हणाले, "सोड बे तिला खाली." त्यानं लगेच वाट दिली.

म्हातारी घागर भरून गेली. पाटील माझ्याकडं वळले. "बाई, पाळी वाईट न्हाई. भांडनं लई कमी झाली, ते मी बी बघतो. पन अडलेल्या मान्सानं इचारायचं कुनाला? तुमचे मालक तर बीडला गेलते."

मी म्हटलं, "बाबा, मग महारवाड्यातल्या बायांनी इतकी वर्षं कुणाला विचारायचं होतं?"

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि लिंबाकडं परत गेले. म्हातारीला नातू झाल्याचं दुपारी कळलं, तरी जीव थाऱ्यावर येईना.

हे परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. "एकाला सोडलं की दहा येतील," म्हणाले.

"येऊ द्या की. त्यांचं ऐकायला तिथं कुणी तरी हवं."

त्या दिवशी ह्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली जाऊन त्या पाच जणांबरोबर जमिनीवर बसले. काय बोलणं झालं ते मला पुरतं कधीच कळलं नाही. एवढं ठरलं, की अडीनडीला पाटलांनी सांगितलं तर शिपायानं ऐकायचं, आणि महारवाड्याच्या पाळीला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या अटीवर दोघंजण उठून गेले म्हणे. पाटील बसून राहिले.

तसं चाललं, पाऊस पडेपर्यंत. पण गावानं ह्यांच्याविरुद्ध केलेला अर्ज लिंबाखालच्या त्या बोलण्याआधीच वर गेला होता. बदली झाली. निघताना पाटील गाडीपर्यंत आले. अर्जावर त्यांचंही नाव होतं, ते त्यांनीच सांगितलं. "तवा दिलं. आता मागं घेता येत न्हाई."

पुढं दोन वर्षांनी पुन्हा बदली निघाली. वाटेत मांजरसुंब्याला बैल सोडले होते, तिथं ती म्हातारी भेटली. नातवाला घेऊन लेकीकडं चालली होती. मी विचारायच्या आधीच सांगू लागली. नवा दरोगा सरकारनं धाडलाच नाही. कंदील विझले ते विझलेच. पाळ्या पाटलांनी चालू ठेवल्या, पण पाटलांच्या स्वतःच्या आळीची पाळी आता रोज पहिली असते.

"आणि महारवाड्याची?" ह्यांनी विचारलं.

"तो गडी तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिशी निघून गेला. पगार कोन देनार? पाटील अधूनमधून कुनाला तरी वतायला सांगत्यात." मग ती ह्यांना म्हणाली, "तुमी का म्हून गेलात, साहेब?"

हे उठून बैलांच्या भोवती हिंडत राहिले, आणि बैलांचं वैरणपाणी व्हायच्या आतच गाडी जुंपायला सांगितली.

नव्या गावी संध्याकाळी पोचलो. सामान उतरत होतं, तेवढ्यात गावची चार जाणती माणसं भेटायला आली. रामराम झाला. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "साहेब, हितं किती दिस ऱ्हानार तुमी?" हे माझ्याकडं बघू लागले. मी पाणी आणायला आत गेले.