कंपेर आप्पांची मागची सीट

“उतरा खाली! अहो अज्जा, उतरा म्हणतो ना! इळीरी अज्जा, इळीरी!”

बेळगावच्या त्या शोरूमचा मॅनेजर मराठी संपवून कन्नडवर आला होता, आणि कन्नड संपल्यावर कशावर जायचं याचा विचार त्याच्या घामेजल्या तोंडावर दिसत होता. त्याच्या ओरडण्यानं किल्ला तलावातली बदकं उडाली, असं मी अजून सांगतो. पटत नसेल त्यानं बदकांना विचारावं. काचेच्या दालनात मधोमध साडेसहाशे सीसीची काळीकुळकुळीत मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या सीटवर पांढऱ्या पँटीवरून हिरवी इरकल साडी गुंडाळून, दोन्ही पाय डावीकडे सोडून, पदर मुठीत धरून पासष्टीचे मिशाळ आप्पा एका अंगावर बसले होते.

“तू फुडं बस रं,” आप्पा मला म्हणाले. “आनि जरा हाल, खड्डा आल्यागत.”

ह्या माणसाला मी ओळखत नाही असं सांगायची ती फार उत्तम वेळ होती. पण साडीची रिकामी पिशवी माझ्याच हातात होती, आणि मोठी गाडी बघायला जाऊ म्हणून त्यांना निपाणीहून आणलंही मीच होतं. मी निमूट पुढं बसलो आणि खड्डा आल्यागत हाललो.

आप्पा निपाणीत आमच्या शेजारी राहायचे. गावात त्यांना ‘कंपेर आप्पा’ म्हणत. उभी हयात त्यांनी तंबाखूच्या वखारीत मालाची प्रत ठरवण्यात घालवली होती, आणि ते काम ते मुठीनं करत. एका मुठीत हा नमुना, दुसऱ्या मुठीत तो. दाबायचा, सोडायचा, नाकाशी न्यायचा. “एकट्या मुठीत सगळाच तंबाखू चांगला वाटतोय,” ते म्हणायचे. “दुसरी मूठ भरल्याबिगार पहिलीची किंमत कळत न्हाय. कंपेर करा.” वखार सुटली, मुठी राहिल्या. आप्पा दोन वांगी दोन हातांत धरल्याशिवाय वांगं घेत नसत. चप्पल घ्यायला गेले की एका पायात एका दुकानाची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या दुकानाची घालून भर बाजारात दोन दुकानांमध्ये फेऱ्या मारत. मागून दोन्ही दुकानदार चालत. अशी मिरवणूक मी स्वतः पाहिली आहे. तिला बँड तेवढा नव्हता.

बोलणं हा त्यांचा दुसरा गुण. तवंदी घाटात थंडीनं एखादं इंजिन गारठलं तर आप्पांना शेजारी उभं करून पाच मिनिटं बोलतं ठेवायचं, इंजिन आपोआप तापायचं, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या घरात शब्द एकट्या आप्पांच्या वाटणीला आले होते. आक्का, म्हणजे त्यांची बायको, सदलग्याची. तिला फार तर पाच-सहा शब्द पुरत. तिचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे “अड्डी इल्ला.” हरकत नाही, चालंल. सून बघून आल्यावरही ती “अड्डी इल्ला” म्हणाली होती आणि तेवढ्यावर लग्न ठरलं होतं.

ह्या बोलण्यानंच घात केला. आप्पांकडं तेव्हा एक जुनी शंभर सीसीची गाडी होती. तिचे आरसे त्यांनी आणल्या दिवशीच काढून माळ्यावर टाकले होते; पुरुषानं आरसा बघत रस्त्यानं जाऊ नये, असं त्यांचं मत. त्या गाडीवरून दोघं सदलग्याला एका लग्नाला निघाली होती. बोरगावच्या अलीकडं आक्काच्या साडीचा काठ चाकात गेला आणि ती बाभळीखाली मातीत पडली. आप्पा बोलत होते. बोलत बोलत तसेच पुढं गेले. बोरगावात शिरल्यावर त्यांनी मागं विचारलं, “काय म्हंतीस? खरं हाय का न्हाय?” मागून उत्तर आलं नाही, तरी त्यांना संशय आला नाही, संसाराला तीस वर्षं झालेल्या माणसाला कसला येणार? समोरच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, “आप्पा, एकटंच लग्नाला?” तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली.

परत आले तेव्हा आक्का बांधावर बसली होती. गुडघा नारळाएवढा सुजलेला. आमच्याकडं बायकासुद्धा ‘आलो, गेलो’ म्हणतात, त्या रिवाजानं ती म्हणाली, “मी पडलो. तुमी बोलत गेलासा.” आणि थोड्या वेळानं, “आता तुमच्या मागं बसणार न्हाय.”

आणि नाही बसली. माहेरी जायचं तर निपाणी स्टँडवरून बस धरायची. आप्पा गाडीवरून बसच्या मागं. बस थांबली की हे थांबणार, बस निघाली की हे निघणार. मागची सीट मोकळी. पुढं बसच्या खिडकीत आक्का, मागं धुरात आप्पा, असा तो संसार मी आठ वर्षं बघितला. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, “आप्पा, आत बसा की, तिकीट मी काढतो.” आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात; आप्पा म्हणाले, “बसलो असतो रं. खरं परत येताना ती म्हनाली, गाडीवर येतो, तर?”

ती कधी म्हणाली नाही. आप्पांनी आपल्या परीनं निदान केलं की दोष गाडीचा. सीट आखूड, चाक उघडं, बूड हलकं. तेव्हा ती बसेल अशी गाडी शोधायची. तेव्हापासून त्यांचं कंपेर सुरू झालं. त्यांनी आक्काला दारात उभी करून दुखरा पाय जेवढा उचलता येतो तेवढा उचलायला लावला, चौकटीवर खडूनं रेघ मारली आणि जमिनीपासून त्या रेघेपर्यंतची सुतळी कापून घेतली. दोन्ही टोकांना गाठ. ती सुतळी कायम खिशात. गावात कुणाची नवी गाडी आली की आप्पा हजर. पोरं सीसी सांगायची, हॉर्सपॉवर सांगायची, अ‍ॅव्हरेज सांगायची. आप्पा वाकून जमिनीपासून पाय ठेवायच्या दांडीपर्यंत सुतळी लावायचे. “घोडा चांगला हाय, खरं जिना न्हाय,” म्हणून उठायचे. चिकोडीच्या एका वकिलानं लाखांची परदेशी गाडी आणली, तिच्यावर आप्पांचा निकाल एका वाक्याचा: “हिच्यावर बायको चढवायला क्रेन लागंल.” वकीलसाहेबांनी महिन्यात गाडी विकली. बायको ऐकत उभी होती म्हणे.

मी तेव्हा बेळगावात फौंड्रीत नोकरीला होतो आणि मला मोठ्या गाडीचं वेड लागलं होतं. मोबाईलवर मी दोन-दोन गाड्या शेजारी लावून वजनं पाहायचो, टॉर्क पाहायचो, टाकी पाहायचो. आप्पांना दाखवायला गेलो तर त्यांनी विचारलं, “ह्या दोघीत मागं बसून कोन बघितलंय?” तसं कुणीच बघितलं नव्हतं. जगातले सगळे तज्ज्ञ पुढं बसूनच लिहितात. म्हणून आम्ही बेळगावला आलो होतो, आणि म्हणून ती साडी.

मॅनेजरच्या मदतीला एक टाय लावलेला सेल्समन आला. “सर, ही अ‍ॅडव्हेंचर टूरर आहे. हिच्यावर लोक लडाखला जातात.”

“साडीगार्ड हाय काय हिला?”

“सर, अ‍ॅडव्हेंचर गाडीला साडीगार्ड नसतो.”

“मग बायकोला मागं घिऊन सदलग्याला जानं हे काय देवदर्शन हाय व्हय रं?”

आप्पा उतरले, निऱ्या सावरल्या, शेजारच्या साडेतीनशेच्या गाडीवर जाऊन तसेच एका अंगावर बसले. डोळे मिटले. दोन्ही मुठी आवळल्या, सोडल्या. परत पहिलीवर. परत दुसरीवर. असे चार वेळा. पहिल्या खेपेला हसणारी गिऱ्हाइकं चौथ्या खेपेला जवळ सरकून बघत होती. मॅनेजरही ओरडायचा थांबला. आप्पांनी सुतळी काढून साडेतीनशेच्या दांडीला लावली. खालची गाठ जमिनीला, वरची दांडीला बरोबर बसली.

“ही,” आप्पा म्हणाले. “हिच्यावर ती भ्यायची न्हाय. गुडघाबी दुखायचा न्हाय.”

मॅनेजरनं जवळ येऊन हळूच विचारलं, “अज्जींचा गुडघा काय?” आणि मग स्वतःच आतून पाण्याचा ग्लास आणला.

गाडी आप्पांनीच घेतली. मी त्या दिवशी पिशवी घेऊन परत आलो. निपाणीत त्यांनी लोहाराकडून साडीगार्ड करून घेतला. तो इतका भक्कम झाला की पुढं कधी वखारीचं दार मोडलं असतं तर तोच तिथं बसवता आला असता. पाय ठेवायला रुंद फळी, पाठीला टेकू, धरायला दोन्हीकडं कड्या. कंपनीचे आरसे या वेळी त्यांनी काढले नाहीत. जेवणाच्या ताटलीएवढे दोन आरसे तसेच राहिले. मग गाडी दारात लावून आप्पा बाजूला उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

आक्का बाहेर आली. गाडीला एक फेरी घातली. साडीगार्ड हलवून बघितला, हलला नाही. फळीवर पाय ठेवून बघितला, पोचला. आम्ही शेजारपाजारचे वीसेक जण बघत उभे. ती आत निघून गेली. आप्पांचा चेहरा मी त्या वेळी बघितला आणि पुन्हा कधी बघायला लागू नये असं वाटलं. पाच मिनिटांनी ती चपला घालून, हातात पिशवी घेऊन आली.

“सदलग्याला चला,” म्हणाली.

मी माझ्या जुन्या गाडीवर मागोमाग निघालो; आठ वर्षांचं उत्तर मला चुकवायचं नव्हतं. आप्पा बैलगाडीला लाज वाटेल अशा चालीनं निघाले. गाव ओलांडलं नाही तोवर त्यांनी अर्धी मान मागं वळवून हाक दिली, “हाईस न्हवं गं?”

“हाय,” आक्का म्हणाली.

लिंबाचं झाड आलं. “हाईस न्हवं गं?” “हाय.” मैलाचा दगड आला. “हाईस न्हवं?” “हाय.” त्या बाभळीपाशी तर दोनदा. मी मोजत होतो. बोरगावपर्यंत एकशे दहा झाले, पुढं माझा हिशेब चुकला. एरवी ज्या तोंडातून अख्खी निपाणी वाहायची, त्यातून त्या दिवशी तेवढेच दोन शब्द येत होते. बोरगावात चहाला थांबलो तेव्हा मी म्हणालो, “आप्पा, मान मोडंल. आरसा हाय की एवढा!”

“आरशात दिसती रं,” आप्पा म्हणाले. “खरं आरशातली बोलतीया व्हय?”

सदलग्यात आक्का उतरली. आप्पांनी गाडीकडं बघत, तिच्याकडं न बघता विचारलं, “कशी हाय?”

“अड्डी इल्ला,” आक्का म्हणाली. आप्पांनी त्या आनंदात सासुरवाडीतल्या अकरा माणसांना भजी खायला घातली. मी ती अकरा सांगतो. आप्पा पुढं चाळीस सांगायचे.

त्यानंतर चार वर्षं निपाणीच्या बाजारात ती हाक ऐकू यायची. भाजीमंडईत, दवाखान्याच्या वळणावर, पेट्रोल पंपावर गाडी उभी असतानासुद्धा. पोरं त्यांची नक्कल करायची. आक्का शांतपणे “हाय” म्हणायची. एकदाही तिनं उत्तर चुकवलं नाही, आणि एकदाही आवाज बदलला नाही.

आप्पा गेले ते छातीच्या दुखण्यानं. शेवटच्या दिवशी दुपारी मी खाटेपाशी होतो. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. आक्का पायथ्याशी टॉवेलची घडी घालत होती. डोळे मिटलेलेच, पण त्यांनी मान जराशी वळवली आणि ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. तिला आलं.

“हाय,” ती म्हणाली, आणि घडी पुरी केली.

यंदा मी शेवटी मोठी गाडी घेतली. दोन गाड्यांत कंपेर केलं, मागं बसून केलं, आणि आक्काकडून खुंटीवरची सुतळी मागून नेली होती. शोरूममध्ये साडी मात्र नेसलो नाही. तेवढं धैर्य माझ्यात नाही. फळी, साडीगार्ड आणि कड्या त्याच लोहाराकडून करून घेतल्या. आप्पांची गाडी त्यांच्या दारात तीच हिरवी इरकल पांघरून उभी आहे. गेल्या रविवारी आक्काला सदलग्याला बारशाला जायचं होतं. मी म्हणालो, माझ्या गाडीवर सोडतो. तिनं फळीवर पाय ठेवून बघितला. पोचला. बसली.

बोरगावच्या अलीकडं ती बाभळ आली. ठरवलं नव्हतं, पण तोंडातून हाक गेलीच, “आक्का, हायसा न्हवं?”

मागून काही नाही. मी पुन्हा ओरडलो. काही नाही. करकचून ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली, मागं वळलो. आक्का जागच्या जागी बसली होती. मांडीवर पिशवी, एक हात कडीला.

“आक्का!” मी म्हणालो. “हाय म्हनायचं न्हाय व्हय? जीव गेलता माझा!”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग बाभळीकडं बघितलं.

“एवढी मोठी गाडी घेतलास,” ती म्हणाली, “हिला आरसा न्हाय व्हय?”