रविवारचा रास्ता रोको

शासन माणूस पाहत नाही, अडथळा पाहतं. आणि सारख्या अडथळ्याला सारखंच उत्तर देतं. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. माझे काही विद्यार्थी पुढे सरकारी नोकरीत गेले आणि ते विसरले. मी निवृत्त होऊन आंदर मावळातल्या आमच्या गावी परतलो तरी विसरलो नाही. पुढचा घोटाळा त्यातून झाला.

गावाची सकाळची एसटी बंद झाली. कारण दिलं, प्रवासी कमी. ते खरंच होतं. पण जे थोडे होते त्यांत शेजारच्या वहिनींची मुलगी होती. वडगावला अकरावीत. गाडी नाही म्हणजे फाट्यापर्यंत अंधारात चालत जाणं आलं. वहिनींनी सरळ सांगितलं, "गुरुजी, दिवाळीपातुर गाडी आली तर आली. न्हाई तर पोरगी घरी बसंल. रानातनं एकटी न्हाई धाडायची मी तिला."

मग गावानं रीतसर रास्ता रोको केला, आपल्याच रस्त्यावर. म्हातारी मंडळी धुतलेल्या टोप्या घालून पुढे बसली, भजनी मंडळ टाळ घेऊन मागे. दुपारपर्यंत एकच वाहन आलं, पोलिसांची गाडी. ती आम्हालाच न्यायला आली होती, पण नियम म्हणजे नियम, तीही आम्ही अडवली. चौकीवर चहा मिळाला, हातात नोटिसा मिळाल्या आणि आम्हाला परत फाट्यावर सोडलं. तिथून घरी चालत, कारण एसटी नव्हती.

त्याच सुमारास लोणावळ्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची कमान नगरपालिकेनं काढली, म्हणून कार्यकर्त्यांनी चौक अडवला. तिथे नगरपालिकेचे साहेब जातीनं आले, हात जोडून बोलले आणि संध्याकाळी कमान पुन्हा उभी राहिली.

पारावर, आमच्यासोबत गाडीतून नेलेल्या म्हाताऱ्या आबांनी मला विचारलं, "त्यांना हात जोडलं अन् आमाला गाडीत घातलं. तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात?"

आबांना अक्षर येत नाही. त्यामुळे पुस्तकात काही नाही असं सांगून मला सुटता आलं असतं. पण माझ्याजवळ फळ्यावरचं वाक्य होतं. मी समजावलं की यात पक्षपात नाही, आपला अडथळाच लहान पडला. तेव्हा लोणावळ्यात जाऊ, आणि जास्तीत जास्त गाड्या असतील त्या दिवशी. म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी. मंडळींनी मान डोलावली. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस चुकेल असं त्यांना वाटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

रविवारी आम्ही दोन जीप भरून निघालो. लोणावळ्याच्या बाहेरच कोंडीत अडकलो, म्हणून उतरून चौकापर्यंत चाललो आणि घोषणा देत रस्त्यावर बसलो. गाड्या थांबल्या नाहीत. त्या आधीच थांबलेल्या होत्या. पहिल्या गाडीतला माणूस खाली उतरला आणि भाजलेलं कणीस कुठे मिळेल, असं त्यानं आबांना विचारलं. आबांनी बोट दाखवलं. टाळ वाजू लागले तेव्हा काही पर्यटकांनी मोबाइल काढले, एका बाईंनी वहिनींच्या पुढ्यात दहाची नोट ठेवली. वहिनींनी ती परत केली आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी छत्री सांभाळत एक हवालदार आला. मी त्याला ताठ आवाजात सांगितलं की आम्ही रस्ता अडवला आहे.

त्यानं मागे घाटापर्यंत पाहिलं. "काका, रस्ता कधीचा अडलाय," तो म्हणाला. "तुम्ही जरा कडेला बसता का? भिजताय उगाच."

आम्ही कडेला बसलो. अटक नाही, नोटीस नाही, हात जोडणंही नाही. भर चौक अडवूनही हाती काय आलं, तर कणसं. परतताना मंडळी जीपमध्ये माझ्याकडे पाठ करून बसली. आबांनी तेवढं अर्धं कणीस दिलं.

पण आमची दखल घेतली गेली होती. एसटीच्या साहेबांनी गावात येऊन सांगितलं की रविवारची गर्दी आणि त्या दिवशीची ग्रामस्थांची गैरसोय त्यांच्या कानावर आली आहे. म्हणजे शासनानं खरोखर माणूस पाहिला नव्हता, अडथळा पाहिला होता. माझं वाक्य पहिल्यांदाच खरं ठरलं.

दिवाळीनंतर वहिनींनी मुलीला वडगावच्या जवळ, इंदुरीला मामाकडे ठेवलं. तिथून ती शिकते, एवढं बरं झालं. त्यात माझा काही हात नाही.

सकाळची एसटी सुरू झाली आहे. ती वेळेवर येते, स्वच्छ असते आणि फक्त रविवारी असते. रविवारी कॉलेजला सुट्टी असते.